नेहमीची मंडळी आणि नवा माणूस



आजचा विषय काहींना किरकोळ वाटेल. कोणी एक जण ट्विचवर किंवा युट्यूबवर खेळ खेळत थेट प्रक्षेपण करतो, पडद्याच्या कडेला चॅट धावत असतं, आणि रोजची दहा-पंधरा मंडळी तिथे गप्पा मारतात. यावर व्याख्यान कशाला? आम्हांला वाटतं, गरज आहे. माणसं जमतात कशी, आणि जमलेली माणसं नव्याला बाहेर ठेवतात कशी, हे इथे जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

सुरुवात एका पुस्तकापासून करू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली 'द ग्रेट गुड प्लेस' लिहिलं. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी, आणि सहज जाऊन बसावं असं कॉफीचं किंवा न्हाव्याचं दुकान ही 'तिसरी जागा'. अशा जागेला रंग चढतो तो तिथल्या नेहमीच्या मंडळींमुळे, असं ते सांगतात. आपला पार किंवा कट्टा डोळ्यांसमोर आणा, लगेच पटेल. २०१४ साली विल्यम हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विचचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनीही हीच कल्पना हाताशी घेतली. इथवर ठीक. आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो. नेहमीची मंडळी जागेला रंग आणतात, तशीच कुंपणही घालतात. आणि ते घालताना आपण काही वावगं करतोय असं त्यांच्या मनातही नसतं.

हे घडतं कसं, ते जरा बारकाईनं बघू. समजा, एक नवा माणूस आला आणि त्यानं विचारलं, "हा खेळ कोणता?" जुन्यांपैकी कोणी तरी उद्गारचिन्ह लावून एक शब्द टाकतो, आणि बॉट तयार उत्तर चिकटवतो. प्रश्नाला उत्तर मिळालं, माणसाला मिळालं नाही. थोड्या वेळानं तो उत्साहानं लिहितो, "डावीकडे बघा, दार आहे." लगेच तिघं-चौघं बजावतात, इथे न विचारता सल्ला द्यायचा नाही. नियम खरा आहे. पण हेच जुन्यानं लिहिलं असतं तर ती थट्टा ठरली असती. मग कोणी 'पूल' एवढंच लिहितो आणि सगळे हसतात, कारण दोन वर्षांपूर्वी स्ट्रीमर कुठल्याशा पुलावरून सातदा पडला होता. भर म्हणून 'कप्पा' हा करड्या चेहऱ्याचा इमोट. तो वाक्यापुढे लावला, की वाक्य उपरोधाचं. हे ठाऊक नसलेला माणूस मनापासून उत्तर देतो आणि हसं करून घेतो.

यात शिवी नाही, अपमान नाही. प्रत्येक गोष्ट प्रेमातून आलेली आहे. आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही.

इथे आम्हांला ओल्डनबर्गपेक्षा नॉर्बर्ट एलियास अधिक उपयोगी वाटतात. एलियास आणि जॉन स्कॉटसन यांनी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका वस्तीचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला. वस्तीला त्यांनी 'विन्स्टन पार्वा' असं टोपणनाव दिलं. तिथे दोन कामगार गट होते. वंश, भाषा, काम यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. फरक एवढाच, की एक गट कित्येक वर्षांपासून राहत होता आणि दुसरा नंतर आलेला. तेवढ्यावर जुने स्वतःला वरचढ समजत, नव्यांबद्दल कुजबुज चाले, आणि काही नवेही स्वतःला कमी लेखू लागले. नुसतं 'आधीपासून असणं' ही सत्ता असू शकते, हा त्या पुस्तकाचा धडा. मुंबईच्या लोकलमध्ये ग्रुपनं धरलेल्या जागेवर चुकून बसलेल्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

विन्स्टन पार्वात कोण किती जुना हे माणसांना आठवून ठेवावं लागे. ट्विचवर ते नावापुढे छापलेलं असतं. दरमहा वर्गणी भरणाऱ्याच्या बिल्ल्यावरून तो किती महिन्यांचा हे कळतं. याउलट, पहिल्यांदाच लिहिणाऱ्याच्या संदेशावरही तशी खूण उमटते. हेतू चांगला, नव्याकडे लक्ष जावं. पण लक्ष गेलं म्हणजे स्वागत झालं असं नाही. काही ठिकाणी ती खूणच थट्टेचा विषय झाली.

मग स्ट्रीमर का बोलत नाही? कारण त्याचं पोट जुन्यांवर चालतं. २०१७ साली ट्विचनं छोट्या स्ट्रीमरांना कमाईची वाट खुली केली, तेव्हा ३० दिवसांत सरासरी ३ प्रेक्षक ही एक अट होती. ३ प्रेक्षक म्हणजे तीन मित्र! ज्याची सुरुवातच अशी, तो त्या मित्रांना "जरा सरकून बसा" कसं म्हणणार? शिवाय मॉडरेटर बहुधा त्यांच्यातलेच, बिनपगारी राबणारे. त्यांचं ऋण असतं. मोठ्या चॅटमध्ये हजारो संदेश धबधब्यासारखे कोसळतात, तिथे कोण नवा, कोण जुना, कोणाला दिसतं? हा प्रश्न छोट्या खोल्यांचा आहे, आणि त्यांनाच नव्या माणसाची गरज सर्वांत जास्त. जुन्यांच्या परीक्षा येतात, नोकऱ्या बदलतात, लग्नं होतात. ते एकेक करून जातात. त्यांच्या जागी येऊ शकला असता तो माणूस मात्र दुसऱ्याच मिनिटाला गेलेला असतो. रागावलेला माणूस निदान भांडून जातो. हा गेल्याचं कळतही नाही.

आता दुसरी बाजू. कुंपण उगाच घातलेलं नसतं. २०२१ साली ट्विचवर द्वेषाच्या धाडी वाढल्या. शेकडो बॉट खाती एकाच वेळी घुसून, विशेषतः कृष्णवर्णीय आणि एलजीबीटी स्ट्रीमरांवर, गरळ ओकत. १ सप्टेंबरला अनेकांनी निषेध म्हणून प्रक्षेपण बंद ठेवलं. अशा वेळी फॉलो करून काही काळ झालेल्यांनाच लिहू देण्याची सोय ढाल ठरते. आणि त्या रात्री स्ट्रीमरच्या पाठीशी उभी राहतात ती नेहमीचीच मंडळी. त्यांना खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. आमचं म्हणणं एवढंच, की धाडीच्या रात्री लावलेली कडी दुसऱ्या दिवशी काढायची आठवण राहायला हवी.

उपाय? नव्याचं नाव घेऊन गाजावाजा करणं हा नव्हे. पुष्कळांना आधी गुपचूप बसून बघायचं असतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यापेक्षा 'पूल' शब्दावर हसू आलं, की एकानं ती पुलाची गोष्ट दोन ओळींत सांगावी. बॉटच्या आधी माणसानं उत्तर द्यावं. फार काही लागत नाही.

आपल्याकडे कार्यात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. आधी वाढतात, मग जेवतात. घर त्यांचं आहे, हे त्यावरूनच कळतं. चॅटमधल्या निष्ठेचं मोजमाप किती महिन्यांचा बिल्ला यावर न करता, आपल्या हातून किती जणांना वाढलं गेलं यावर करावं, अशी आमची सूचना आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिल्यांदाच आलेल्यांनी आधी विचारावेत.