‘नो बॅड पार्ट्स’ आणि न सापडणारा भाग

रिचर्ड श्वार्ट्झ यांचं २०२१चं ‘नो बॅड पार्ट्स’ वाचायला घ्याल, तर ते लगेच पटेल. आपल्या मनात अनेक ‘भाग’ असतात. कुणी सतत शिस्त लावतो, कुणी जुनं दुःख घेऊन दडून बसतो. थेरपीत त्यांना हाकलायचं नाही, त्यांचं ऐकून घ्यायचं. (सिनॉप्सिस चौथ्यांदा खोडणाऱ्याला तो शिस्तवाला ओळखीचाच वाटेल!)

पण संशोधक म्हणून विचारा: हे चूक ठरेल असं कोणतं निरीक्षण असू शकतं? दडलेला भाग सापडला, तर सिद्धांत बरोबर. नाही सापडला, तर दुसरा ‘रक्षक’ भाग त्याला लपवतोय, म्हणून पुन्हा बरोबर. इथे पुस्तक मला कच्चं वाटतं.

आता पुरावा बघू. २०१३मध्ये रुमॅटॉइड संधिवाताच्या ७९ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. नऊ महिने ही थेरपी घेतलेल्यांना सांध्यांचं दुखणं आणि नैराश्य कमी जाणवलं, आणि हा फरक वर्षभरानंतरही दिसला. चिंता आणि प्रत्यक्ष आजाराची तीव्रता यांत मात्र टिकाऊ फरक नाही. आणि तुलनेच्या गटाला काय मिळालं? टपालाने माहितीपत्रकं आणि फोन. मग फायदा ‘भागांशी’ बोलण्याचा, की कुणीतरी नऊ महिने नीट ऐकून घेतल्याचा? या डिझाइनमधून ते कळूच शकत नाही.

थेरपीने बरं वाटत असेल तर जरूर घ्या. पण यावर प्रपोजल लिहिणार असाल, तर दुसऱ्या गटालाही तितकेच तास ऐकून घेणारा थेरपिस्ट द्या.