घर कुणासाठी?

'लोकांना घरं नाहीत, म्हणून डोंगर मोकळे करा' हा युक्तिवाद आपण जरा तपासून पाहू. मुळशीला लोकहिताची भाषा नवी नाही. मुंबईच्या विजेसाठी मावळ्यांची भातखाचरं बुडवणाऱ्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये इथंच सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात होते. पुढे मोसे खोऱ्यात लवासा आलं. 2010 मध्ये केंद्रानं काम थांबवायला सांगितलं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर फुटला तो फुटलाच. पण हिंजवडीत दाटीवाटीनं भाड्यानं राहणाऱ्या कामगाराला त्यातून घर मिळालं का? आम्ही घरांच्या विरोधात नाही. मात्र गरज एकाची दाखवायची आणि बंगला दुसऱ्याचा बांधायचा, याला तर्क म्हणत नाहीत. तेव्हा आधी विचारू या: घर कुणासाठी, आणि केवढ्याला?