चुंबकीय धातुकणयुक्त बहुवारिक संमिश्रांतील सूक्ष्मतरंग शोषण : प्रचलित मूल्यमापनाची समीक्षा

प्रस्तावना

रडार व दूरसंचार यांतील अनिष्ट परावर्तन रोखण्यासाठी रबर, इपॉक्सी यांसारख्या बहुवारिकांत लोह, कोबाल्ट, निकेल यांचे सूक्ष्म कण मिसळून शोषक थर तयार करतात. ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत कार्बोनिल लोहाची भुकटी घातलेले रबर याच कामी वापरले गेले. आज पुण्यात गिरीनगर येथील प्रगत संरक्षण तंत्रज्ञान संस्थेतही सूक्ष्मतरंग शोषकांवर संशोधन होते. प्रस्तुत लेखात या विषयावरील शोधनिबंधांत यशाचे जे मोजमाप रूढ झाले आहे, त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन

लोहाचे संपृक्त चुंबकन फेराइटच्या कित्येक पट असते. त्यामुळे गिगाहर्ट्झ पट्ट्यातही त्याची चुंबकीय पार्यता बऱ्यापैकी टिकते. परंतु लोह विद्युतवाहक असल्याने १० गिगाहर्ट्झचा तरंग त्यात एक-दोन मायक्रोमीटरच शिरतो. म्हणून कण बारीक आणि परस्परांपासून अलग असावे लागतात. येथे बहुवारिक केवळ बंधक नसून विद्युतरोधकही असते.

मूल्यमापनाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. धातूच्या पत्र्यावरील थराची परावर्तन-हानी −१० डेसिबल असेल तर ९० टक्के, −२० असेल तर ९९ टक्के आणि −४० असेल तर ९९.९९ टक्के ऊर्जा परत येत नाही. म्हणजे −२० वरून −४० वर गेल्याने आपाती ऊर्जेच्या एक टक्काही अधिक शोषण होत नाही. तरीही निबंधांच्या सारांशात मिरवला जातो तो हा सर्वांत खोल आकडाच. शिवाय ही खोल दरी पुष्कळदा पाव तरंगलांबीच्या जाडीमुळे पडते. थराच्या दर्शनी पृष्ठावरून व मागील पत्र्यावरून परतणारे तरंग तेथे परस्परांना छेदतात. जाडी बदलताच दरी दुसऱ्या वारंवारतेवर सरकते. असा आकडा पदार्थाच्या गुणापेक्षा जाडीच्या निवडीविषयी अधिक सांगतो.

दुसरा आक्षेप नमुन्याविषयी आहे. अनेकदा भुकटी पॅराफिन मेणात कालवून छोटे कडे बनवतात, त्याची पार्यता व विद्युत अपार्यता मोजतात आणि परावर्तन-हानी गणिताने काढतात. प्रत्यक्ष फलक तयारच होत नाही. उष्णता, वाकणे, पत्र्याला चिकटणे, लोहाचे गंजणे यांची परीक्षा मेणात होत नाही.

तिसरा आक्षेप वजनाचा. वजनाने ८० टक्के लोह असलेल्या रबराची घनता सुमारे ३.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. त्याचा २ मिलिमीटर जाडीचा थर प्रति चौरस मीटर सुमारे ७ किलोग्रॅम भरतो. विमानासाठी हा आकडा डेसिबलइतकाच निर्णायक आहे.

निष्कर्ष

शोषकाची योग्यता ठरवताना −१० डेसिबलखालील पट्ट्याची रुंदी, थराची जाडी, धातूचे प्रमाण व प्रति चौरस मीटर वजन यांचा एकत्रित विचार व्हावा. निदान एका मिश्रणाचा फलक नियोजित बहुवारिकातच बनवून प्रत्यक्ष मोजावा.

ही चिकित्सा करण्यास महागडी उपकरणे लागतातच असे नाही. इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावातून महाविद्यालयात येणारा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थीही प्रकाशित स्थिरांक घेऊन, प्रेषण-रेषेचे सूत्र संगणकावर मांडून, प्रत्येक जाडीला मिळणारा पट्टा स्वतः पडताळू शकतो. ग्रामीण महाविद्यालयातील संशोधनाने नव्या भुकटीच्या आणखी एका विक्रमी आकड्यामागे लागण्यापेक्षा अशी पडताळणी हाती घेणे अधिक उपयुक्त ठरेल.