कुडी जुनी, प्राण नवा

जुन्या वाड्यात लिफ्ट बसवली तर वाडा टिकला म्हणायचे की गेला, यावर आपल्याकडे दोन सख्खे भाऊ जन्मभर अबोला धरतील. २००८ पासून टाटांच्या घरी नांदणाऱ्या जॅग्वारने २०१७ साली हाच प्रकार मोटारीत केला. १९६१ साली जिनीव्हात अवतरलेली लांब नाकाची देखणी 'ई-टाइप'. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन उतरवले, तिथे तेवढ्याच आकाराची, जवळपास तेवढ्याच वजनाची बॅटरी ठेवली आणि गिअरबॉक्सच्या जागी विजेची मोटर. नाव ठेवले 'झीरो'. मे २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी नव्या नवरीला घेऊन विंडसरहून मेजवानीला निघाला, तो हिच्यातूनच.

हिशेबाने पाहिले तर व्यवहार नफ्याचा. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर साडेपाच सेकंदांत, म्हणजे मूळ गाडीपेक्षा सुमारे सेकंदभर आधी. कार्ब्युरेटरची मनधरणी नाही. जुन्या गाडीचा पहिला गिअर सिंक्रोमेशविना. घाईने टाकलात की असा करवादायचा, की चालवणारा नवशिका आहे हे सगळ्या आळीला कळावे. पण गंमत तीच होती ना! ती गाडी चालवणाऱ्याकडून काहीतरी मागायची. 'झीरो' काहीच मागत नाही. संगीत नाटकातली पदे गाळून प्रयोग तासभर आधी संपवावा, तसे वाटते. वेळ वाचला खरा, पण आलो होतो कशाला?

एका गोष्टीचे मात्र कौतुक. सांगाड्यात कापाकापी नाही. मनात आले तर जुने इंजिन पुन्हा जागेवर बसते. म्हणजे आजीचे दागिने मोडलेले नाहीत, नुसते गहाण टाकलेत. पावती तेवढी जपा म्हणजे झाले!