न पाहणारा गुरु

एखादी हस्तकला गुरूच्या सान्निध्यावांचून शिकतां येते काय, हा प्रश्न नवा नाहीं. छापील ग्रंथांनीं तो पूर्वींच उपस्थित केला होता. दूरचित्रवाणीनें त्याला नवें रूप दिलें, इतकेंच. अमेरिकेंत गेल्या शतकाच्या अखेरीस सुतारकाम शिकविणाऱ्या दोन कार्यक्रमांनीं असंख्य प्रेक्षकांस करवत व रंधा हातीं घ्यावयास लावलें. त्यांपैकीं पहिला, रॉय अंडरहिल यांचा 'द वुडराइट्स शॉप', १९७९ सालीं नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाला व १९८१ पासून देशभर दिसूं लागला. दुसरा, नॉर्म एब्रम यांचा 'द न्यू यँकी वर्कशॉप', बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीनें १९८९ पासून २००९ पर्यंत चालविला. दोन्ही आतां थांबले आहेत. परंतु आज हातांतल्या दूरध्वनीच्या पडद्यावर जे शेंकडों कारागीर शिकवीत असतात, ते बहुतेक या दोघांपैकीं एकाच्या वाटेनें चाललेले दिसतात.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत सुतारकामाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, काय दाखवावें, काय गाळावें, काळाचा संक्षेप कसा करावा, हे प्रश्न जसे कथालेखकापुढें तसेच या गुरूंपुढेंहि उभे राहिले होते. आणि त्यांनीं ते ज्या रीतीनें सोडविले, तिच्यावरच शिष्याच्या हातीं काय पडलें हें अवलंबून आहे.

एब्रम यांच्या कार्यक्रमाची रचना ठरीव आहे. आरंभींच तयार वस्तु समोर येते; जुन्या घाटाचें एखादें टेबल, कपाट किंवा बाक. मग तिचें मोजमाप, मग तुकडे कापणें, सांधणें, घासणें व शेवटीं रंगरोगण. अर्ध्या तासांत तशीच दुसरी वस्तु उभी राहते. काम मोठें असल्यास दोन भाग लागतात. हत्यारें बहुतांशीं विजेचीं. प्रत्येक भागाच्या प्रारंभीं यंत्रें सांभाळून वापरण्याची व डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालण्याची ताकीद ते न चुकतां देतात. वस्तूचे मोजमापांसह नकाशे प्रेक्षकांस विकत मिळत. या कार्यक्रमाचे निर्माते रसेल मोराश यांनींच १९६३ मध्यें ज्यूलिया चाइल्ड यांचा पाककृतींचा कार्यक्रम अमेरिकन घरांत नेला होता. शिजत घातलेलें भांडें एका हाताशीं व शिजून तयार असलेलें दुसऱ्या हाताशीं, ही स्वयंपाकघरांतली सोय सुतारशाळेंतहि आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मोराश यांनीं एब्रम यांची पारख कशी केली, याची हकीकत प्रसिद्ध आहे. मोराश यांच्या घरीं एब्रम बांधकाम करीत असतां, या माणसाच्या कामांतून निघणाऱ्या टाकाऊ लांकडाचा ढीग फारच लहान आहे, असें त्यांच्या ध्यानीं आलें. ज्याचे तुकडे वाया जात नाहींत त्याचें मोजमाप चुकत नाहीं, हें अनुमान मार्मिक खरें. परंतु गंमत अशी कीं, ज्या ढिगावरून गुरूची परीक्षा झाली, तो ढीग प्रेक्षकांस जवळजवळ दिसतच नाहीं. चुकलेली फळी, फसलेला सांधा, पुन्हां कापावा लागलेला पाय, हीं सर्व दोन दृश्यांच्या मधल्या फटींत नाहींशीं होतात. नवशिक्या मात्र स्वतःच्या घरीं पहिल्याच दिवशीं हातभर ढीग निर्माण करतो, आणि तो पाहून आपल्या अंगीं ही विद्याच नाहीं असें समजून बसतो.

अंडरहिल यांचा मार्ग अगदीं उलट. व्हर्जिनियांतील कलोनियल विल्यम्सबर्ग या पुनर्निर्मित ऐतिहासिक नगरांत गृहबांधणीचे मुख्य सुतार म्हणून त्यांनीं काम केलें; त्यापूर्वीं नाट्यदिग्दर्शनाचें शिक्षण घेतलें होतें. या दोन्ही गोष्टी त्यांच्या कार्यक्रमांत दिसतात. डोक्याला चपटी टोपी, खांद्यांवरून गेलेले विजारीचे पट्टे, हातांत कुऱ्हाड किंवा करवत. विजेचें एकहि हत्यार नाहीं. चरक असेल तर तो पायानें चालणारा. चित्रण बहुधा एकसलग, मध्यें न थांबतां झालेलें. त्यामुळें गुरूला धाप लागते, बोलतां बोलतां हत्यार शोधावें लागतें, घाईंत बोट कापतें, रक्त येतें, आणि तरीहि विनोद करीत तो पुढें जातो. कित्येकदां वेळ संपते व वस्तु कशीबशी पुरी होते.

या दोघांत श्रेष्ठ कोण, याविषयीं हौशी सुतारांत मतभेद पुष्कळ. यंत्रवाला खरा कीं हत्यारवाला खरा, असें त्या वादाचें स्वरूप असतें. आमच्या मतें हा वाद गौण आहे. भेद यंत्रांचा नाहीं, काळाचा आहे. एब्रम काळ कापून टाकतात, म्हणून त्यांच्यापासून क्रम शिकतां येतो. कोणतें काम आधीं व कोणतें मागून, कोठें माप पुन्हां तपासावें, कोणता सांधा चिकटविण्यापूर्वीं कोरडा बसवून पाहावा, हें ज्ञान त्यांच्याइतकें स्वच्छ क्वचितच कोणीं दिलें असेल. अंडरहिल काळ तसाच राहूं देतात, म्हणून त्यांच्यापासून चाल शिकतां येते. करवतीच्या ओढीचा ताल, कुऱ्हाड उचलतांना कमरेचें वळण, आणि चूक झाली असतां चेहऱ्यावर काय ठेवावें तेंहि. एकाचा कार्यक्रम व्याकरणासारखा आहे, दुसऱ्याचा संभाषणासारखा. भाषा शिकणाऱ्याला दोन्ही लागतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. इंग्लंडांत जोसेफ मॉक्सन यानें १६७८ च्या सुमारास लोहारकाम, सुतारकाम इत्यादि धंद्यांची माहिती क्रमशः छापण्यास आरंभ केला. इंग्रजी भाषेंत हातानें करावयाच्या धंद्यांना ग्रंथांत आणणारा हा एक आद्य पुरुष. परंतु ग्रंथाच्या आरंभींच त्यानें कबूल केलें आहे कीं, नियम शब्दांनीं सांगतां येतात, हाताचें कसब मात्र शब्दांनीं शिकवितां येत नाहीं, तें सरावानेंच येतें. पुढें फ्रान्समध्यें दिदरो यानें आपल्या विश्वकोशांत चित्रांचे अकरा खंड घातले. तो स्वतः सुऱ्याकात्र्या घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा. शब्द कोठें अपुरे पडतात हें त्याला घरींच कळलें असावें. शब्दांची उणीव स्थिर चित्रानें थोडी भरून काढली, स्थिर चित्राची उणीव चलच्चित्रानें. मग मॉक्सनची ती कबुली आतां खोटी ठरली काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. पडद्यावर हात दिसतो, परंतु हाताला काय लागतें तें दिसत नाहीं. उदाहरणार्थ, धार. पडद्यावरील गुरूची पटाशी लांकडांत लोण्यासारखी जाते. प्रेक्षक समजतो कीं लांकूड मऊ आहे किंवा हात बळकट आहे. वस्तुतः सारें श्रेय धारेचें असतें, आणि जिनें धार ओळखावयाची ती अंगठ्याची त्वचा पडद्यापलीकडे असते. अंडरहिल यांनीं धार लावण्यावरहि पाठ दिले आहेत. तथापि धार पुरेशी झाली म्हणजे काय, हें ज्यानें कधीं धारदार हत्यार हातीं धरलेंच नाहीं त्याला कोणत्या चित्रानें कळावें? तीच गोष्ट तंतूंच्या दिशेची. रंधा उलट दिशेनें चालविला कीं लांकूड उखडतें. पण उखडण्यापूर्वीं त्याचा आवाज बदलतो, मुठीला एक बारीक अडखळ जाणवते. तो इशारा पडद्यावर पोंचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो.

हें सारें आम्ही केवळ तर्कानें लिहीत नाहीं. आम्हींहि या कार्यक्रमांचे पुष्कळ भाग पाहून, सागाच्या चार फळ्या आणून, कबुतराच्या शेपटासारख्या सांध्यांची एक लहानशी पेटी करावयास घेतली होती. क्रम आम्हांस तोंडपाठ होता. पहिला सांधा सैल झाला, दुसरा तिरपा बसला व तिसऱ्याच्या वेळीं फळी चिरली. त्याच सुमारास शेजारीं दरवाज्याचें काम करीत असलेले एक वृद्ध सुतार सहज डोकावले. त्यांनीं आमच्या सांध्याकडे पाहिलेंच नाहीं. आमच्या कोपराकडे पाहिलें. पटाशी घेऊन तिच्यावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "साहेब, ही पटाशी नव्हे, हा चमचा झाला. आधीं निसण्यावर घाला. आणि तिला एवढी आवळूं नका, ती पळून जात नाहीं." मग जमिनीवर बसून, फळी पायाखालीं दाबून, त्यांनीं एक खांच काढली. शेगडा नाहीं, उंच बाक नाहीं. सारें मिळून दहा मिनिटें लागलीं असतील. पडद्यावरच्या दोन्ही गुरूंनीं पटाशी कशी धरावी हें आम्हांस अनेकदां दाखविलें होतें; आम्ही ती कशी धरतों, हें मात्र त्या दिवशींच प्रथम कोणीं तरी पाहिलें.

आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म येथें आहे. विद्या देतांना शिष्य गुरूकडे पाहतो हें खरें. परंतु तिचा अर्धा भाग गुरु शिष्याकडे पाहतो यांत असतो. महाभारतांतील एकलव्यानें द्रोणाची मातीची मूर्ति करून तिच्यापुढें धनुर्विद्येचा अभ्यास केला. पडद्यावरचा गुरु त्या मूर्तीहून पुष्कळ समर्थ आहे. तो बोलतो, चालतो, हत्यार चालवून दाखवितो. पण एका बाबतींत तो मूर्तीसारखाच आहे. तो आपल्याला पाहत नाहीं. एकलव्याचा बाण चुकला तर त्याला मूर्तीनें सांगितलें नाहीं, लक्ष्यानें सांगितलें. त्याचप्रमाणें पडद्यापुढें बसलेल्या शिष्याला चूक दाखविणारा दुसरा गुरु एकच उरतो, तो म्हणजे लांकूड. लांकूड खोटें बोलत नाहीं, भिडेखातर स्तुतीहि करीत नाहीं. मात्र काय चुकलें तें तें सांगतें, कां चुकलें तें सांगत नाहीं. तें कां शोधण्यांत पडद्याच्या शिष्याचीं वर्षें जातात. गुरूच्या हाताखालचा शिष्य तें एका वाक्यांत ऐकतो. खुद्द एब्रम यांचे वडील सुतार होते, आणि अंडरहिल यांनीं पुढें नॉर्थ कॅरोलायनांतच पिट्सबरो गांवीं प्रत्यक्ष शिष्यांसाठीं सुतारशाळा काढली. एकाचें मूळ आणि दुसऱ्याची परिणति, दोन्ही एकच साक्ष देतात.

इतकें म्हटल्यावर जुन्या परंपरेचा जयघोष करून लेखणी खालीं ठेवणें सोपें होतें. परंतु एकलव्याची कथा तेवढ्यावर संपत नाहीं. त्यानें मूर्ति केली ती हौसेनें नव्हे. जन्मावरून त्याला शिष्यत्व नाकारलें गेलें होतें, म्हणून केली. आपल्या बलुतेदारींत सुताराची विद्या सुताराच्या मुलाला मिळे. इतरांस ती मिळत नसे, आणि त्या मुलासहि दुसरी विद्या सहसा मिळत नसे. युरोपांतील कारागीरसंघांनींहि आपलें कसब वर्षानुवर्षें दाराआड ठेवलें. पाहणारा गुरु कोणाकडे पाहावें हेंहि ठरवीत असे, आणि ज्याच्याकडे त्यानें पाहिलें नाहीं त्याची कोठें नोंदहि राहिली नाहीं. पडद्यावरचा गुरु कोणालाच पाहत नाहीं, म्हणूनच तो कोणाला परतवूंहि शकत नाहीं. स्त्रिया, दिवसभर कचेरींत काम करणारे, निवृत्त, ज्यांच्या घराण्यांत रंधा कधीं आला नाहीं असे लोक, या सर्वांस त्यानें उंबरठा ओलांडूं दिला. त्याचा दोष व त्याचें औदार्य हीं एकाच मुळापासून निघालीं आहेत, हें न ओळखतां केलेली स्तुति किंवा निंदा आम्हांस एकांगी वाटते.

तेव्हां आमचा निर्णय असा. या कार्यक्रमांनीं सुतार तयार झाले काय, असें विचारल्यास, केवळ त्यांनींच झाले नाहींत असें म्हणावें लागेल. पण त्यांनीं लांकडापुढें माणूस आणून बसविला. एब्रम यांनीं त्याला धीर दिला कीं काम क्रमानें केलें तर होतें; अंडरहिल यांनीं त्याला धीर दिला कीं बोट कापलें, वेळ चुकली तरी काम पुढें नेतां येतें. यांपैकीं दुसरा धीर आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, कारण पहिल्या चुकीनंतर उपयोगी पडणारा तोच आहे. आज जे कारागीर पडद्यावर शिकवितात त्यांनीं निदान आपला टाकाऊ तुकड्यांचा ढीग अधूनमधून दाखवावा. आणि जे शिकतात त्यांनीं, जवळपास कोठें करवतीचा आवाज येत असेल तर, आपली पटाशी घेऊन तेथपर्यंत जावें. द्रोणानें एकलव्याजवळ दक्षिणा म्हणून अंगठा मागितला होता. पडद्यावरचा गुरु तो मागत नाहीं. उलट तो शाबूत राहावा म्हणून दर खेपेस यंत्रांची ताकीद देतो. ज्याच्यावरून धार ओळखावयाची, तो अंगठा शिष्याजवळच राहतो.

आमची ती पेटी अखेर पुरी झाली. तिचे तीन कोपरे कुरूप आहेत. चौथ्यांत त्या वृद्ध सुतारांनीं काढलेली खांच आहे, आणि आलेल्या माणसाचें बोट नेमकें तिच्यावरूनच फिरतें.