कर्ष काळे यांचा 'रिअलाइझ' पुन्हा ऐकताना

'फ्यूजन' म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच नसते. आरतीच्या रेकॉर्डिंगखाली ढोबळ बीट सरकवलेली गाणी गणेशोत्सवात तुम्हीही सोसली असतील. मी राहते त्या इंगोलश्टाटमध्ये याला आयती उपमा आहे. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीतला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन इथल्याच विद्यापीठात शिकला आणि मृतदेहांचे तुकडे जोडून त्याने तो जीव घडवला तोही इथेच. बहुतेक फ्यूजन असंच असतं. हात एकाचा, पाय दुसऱ्याचा, टाके सगळ्यांना दिसतात.

म्हणूनच २००१ साली आलेला 'रिअलाइझ' हा अल्बम तुम्ही एकदा हेडफोन लावून ऐकावा. कर्ष काळे (मूळ नाव उत्कर्ष) मराठी घरातले, १९७४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले. आधी ड्रम्स, मग तबला, आणि तोही बराचसा स्वतःच शिकलेला. घराण्याच्या शिस्तीतला कान इथे नाक मुरडेल. कायद्याची उलगड शोधायला जाऊ नका, ती नाहीच.

पण ठेका ऐका. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना तबला पहिल्यांदा भेटतो तो बहुधा मैफलीत नाही, भजनात. आठ मात्रा, सोबत झांजा. या आठ मात्रा रॉकच्या चार-चारच्या चौकटीत बिनबोभाट बसतात. सात मात्रांचा रूपक बसवायला ओढाताण होते. सोपा मार्ग असा, की गाडा ड्रम मशीनने ओढायचा आणि वरून तबल्याची फोडणी द्यायची. काळे तसं करत नाहीत. ड्रम्स आणि तबला वाजवणारा माणूस एकच, त्यामुळे दोघांचं वजन एकाच ठिकाणी पडतं. टाका शोधावा लागतो. लंडनच्या तलविन सिंग यांचा 'ओके' (१९९८, पुढल्या वर्षी मर्क्युरी पुरस्कार) जास्त धाडसी आहे, हे खरं. मला मात्र तो थंड वाटतो.

अनुष्का शंकर यांच्यासोबतच्या 'ब्रीदिंग अंडर वॉटर'मध्ये (२००७) टाके पुन्हा दिसू लागतात. स्टिंग, नोरा जोन्स, खुद्द रविशंकर अशी पाहुण्यांची रांग लागल्यावर यजमानाला बोलायला जागा कुठे उरणार!

मराठी शाळेच्या तबल्याच्या वर्गाला कंटाळून लॅपटॉपवर बीट्स रचत बसणारं मूल तुमच्या घरात असेल, तर 'खरा तबला कधी शिकणार?' हे विचारण्याआधी त्याच्यासोबत 'टॅबला बीट सायन्स'चं सॅन फ्रान्सिस्कोचं ध्वनिमुद्रण ऐका. सुलतान खान यांची सारंगी आहे, तबल्यावर झाकीर हुसेन आहेत, आणि काळे मुख्यतः ड्रम्सवर बसले आहेत. त्या मंचावर स्वतःची जागा त्यांना अचूक कळली होती.