पुस्तकातील मुका चौकोन

मुलांची क्रमिक पुस्तके हा समीक्षेचा विषय नव्हे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. स्वभाषेच्या प्रदेशापासून दूर, बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्या आमच्या वाचकांच्या घरी मुलांचे मराठी टिकते, ते पुष्कळदा याच पुस्तकांच्या आधाराने. या पुस्तकांत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, आता कायमचा वस्तीस आला आहे. तो पुस्तकाचा भाग मानावयाचा काय, आणि मानल्यास त्यास कोणती कसोटी लावावयाची, हे एकदा पाहिले पाहिजे.

या चौकोनाचा जन्म ग्रंथालयात नव्हे, कारखान्याच्या गरजेतून झाला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद वेगाने व्हावी, म्हणून जपानमध्ये मासाहिरो हारा यांनी सहकाऱ्यांसह तो सिद्ध केला. १९९४ साली तो जगापुढे आला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील खुणांत काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे १:१:३:१:१ असे प्रमाण असते. छापील मजकुरात जे प्रमाण क्वचितच आढळते, तेच शोधून निवडलेले. म्हणजे अक्षरांच्या मेळ्यात आपण परके दिसावे, हीच त्याची मूळ योजना! पुस्तकात शिरल्यावरही हा परकेपणा पुरता गेलेला नाही.

तथापि त्याचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले, आणि कवितेचे गायन, पाठाचे चित्रण मुलांच्या हाती आले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांत वाटून दिली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले व ही प्रथा देशभर पसरली. ज्या मुलाच्या कानावर घराबाहेर मराठी शब्द पडत नाही, त्याला ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन दोन उच्चार कागद शिकवू शकत नाही. आवाजच शिकवू शकतो. हा लाभ लहान नव्हे.

आता दोष. पहिला असा की, हा चौकोन मानवी डोळ्यास मुका आहे. तळटीप वाचण्यापूर्वीच ती कशाविषयी आहे याचा अंदाज येतो. येथे तो येत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर. कोडाचा सुमारे तीस टक्के भाग मळला वा फाटला तरी तो वाचता यावा, अशी सोय त्याच्या गणितात करता येते. परंतु ज्या पत्त्याकडे तो बोट दाखवितो, तेथील बिऱ्हाडच उठले तर? एका जुन्या पुस्तकातील चौकोन आम्ही मोबाइलवर उघडून पाहिला, तेव्हा पान सापडत नाही एवढाच निरोप मिळाला. चौकोन शाबूत होता, कागद उत्तम होता. हरवला होता तो मजकूर.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. चौकोनाखाली आत काय आहे ते एका ओळीत छापलेले असावे. तो वगळला तरी पाठ अपुरा राहू नये. आणि पुस्तक जोवर कुणाच्या तरी फडताळात आहे, तोवर त्यामागील मजकूर जपण्याची जबाबदारी प्रकाशकाने आपली मानावी.

ही अपेक्षा अवाजवी नाही. बदली झाली की आपण सर्वच जण टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन येतो. मागाहून आलेले पत्र मग वाट चुकत नाही. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकास नव्या पत्त्याकडे वळविण्याची सोय संगणकावरही आहे. ती करावयाची की नाही, हा यंत्राचा प्रश्न नव्हे. वाचकाविषयीच्या आस्थेचा आहे.